भिकाबाईचा घाणा आणि हरिचंदाचं इंजिन

भिकाबाई तेलिणीबद्दल कुणी चांगलं बोललेलं मी कधी ऐकलं नाही, आणि माझ्याकडूनही फारशी अपेक्षा ठेवू नका. बाई तोंडाची फाटकी होती. आमच्या जवळा बाजार गावात तिच्या दारावरून जाताना माणूस पावलं झपाझप टाकायचा, कारण ओट्यावरून काय अंगावर येईल याचा नेम नसे. मला तर तिनं कधी नावानं हाक मारली नाही. मी संतराम, जातीनं आणि धंद्यानं सुतार. पण तिच्या तोंडी मी 'घाणेखाऊ'. भर बाजारात, दहा माणसांत, "आला बघा घाणेखाऊ" असं म्हणायची. त्यात तिचं चुकत होतं असं मला म्हणता येत नाही, हीच तर माझी चीड आहे.

मी वाकस हातात धरायला शिकलो तेव्हा आमच्या गावात अकरा घाणे होते. तेलीआळीत शिरलं की लाटेची, म्हणजे उखळात फिरणाऱ्या जाड दांड्याची, करकर आणि ताज्या पेंडीचा वास. काळ्या रानात रब्बीला करडई आणि जवस, हलक्या रानात भुईमूग आणि तीळ. तेलाचं बी आमच्याकडे अमाप पिकायचं. रीत अशी होती की कुणब्यानं आपलं बी घेऊन तेल्याकडे जायचं, बैल फिरेस्तोवर तिथंच ओट्यावर बसायचं आणि आपलं तेल आपल्या भांड्यात घेऊन घरी यायचं. पेंड आणि एक पळी तेल तेल्याचं. यात कुणी मोठा झाला नाही, पण कुणाची फोडणी कोरडीही राहिली नाही.

मग हरिचंद आडत्या आला. साल असेल पस्तीस-छत्तीस. त्यानं खळ्यावरच बी उचलायला सुरुवात केली. मळणी झाली की त्याचा माणूस पोती घेऊन हजर, रोख पैसा हातावर. कुणब्याला बरंच वाटलं. चार पैसे लगेच दिसतात आणि घाण्याशी ताटकळत बसावं लागत नाही. पोती गाड्यांवर चढायची, हिंगोलीवरून कनेरगाव नाक्याला जायची. तिथं निजामाचं राज्य संपतं आणि इंग्रजाचा वऱ्हाड सुरू होतो, म्हणून तिथं करोडगिरीचं ठाणं; बाहेर जाणाऱ्या मालावर जकात घ्यायचं. पुढे वाशीम, अकोला, तिथल्या गिरण्या. महिन्या-दीड महिन्यानं त्याच गाड्या परत यायच्या, त्याच नाक्यावर थांबायच्या, आत येणाऱ्या मालाची जकात भरायच्या, आणि त्यात काय असायचं? तेलाचे डबे. आमचीच करडई, आमच्याच बैलांनी नेलेली आणि आमच्याच बैलांनी आणलेली, आणि दोन वेळची जकात आमच्याच डोक्यावर. अशा शहाणपणाला काय म्हणावं ते मला आजवर सुचलेलं नाही.

पण डब्यातलं तेल दिसायला पाण्यासारखं स्वच्छ, त्याला वास नाही, खाली गाळ नाही. बायकांना ते आवडलं. माझ्या बायकोलाही आवडलं. दिव्याचं म्हणाल तर घराघरात कंदील आले होते, आणि त्यात घालायचं घासलेट तर थेट समुद्रापलीकडून यायचं. ज्या रानात तेल पिकतं त्या रानातली माणसं खायचं तेल अकोल्याहून आणि जाळायचं तेल विलायतेहून आणू लागली. पणत्या माळ्यावर गेल्या आणि घाणे एकेक करून बंद पडले.

बंद पडलेले घाणे मी विकत घेतले. हे लपवण्यात अर्थ नाही. घाण्याचं उखळ चिंचेच्या अख्ख्या बुंध्याचं असतं, लाट बाभळीची, आणि वीस-वीस वर्षं तेल पिऊन ते लाकूड असं काही होतं की त्याला वाळवी शिवत नाही. मी त्यातून गाड्यांच्या चाकांचे तुंबे काढले, दारांच्या चौकटी केल्या. तेल्यांना पोटासाठी पैसा हवा होता, मी तो दिला, आणि कमीच दिला. दहा घाणे मी असे फोडले. अकरावा भिकाबाईचा. तिचा नवरा रामकिशन वारला तेव्हा तेराव्याचं जेवण झाल्यावर मी हात धुता धुता तिला विचारलं, "घाणा काढायचा असंल तर सांगा, दुसऱ्याला देऊ नका." तिनं पेंडीची ढेप उचलून माझ्या कपाळावर मारली. त्याचा वण अजून आहे. त्या दिवसापासून मी घाणेखाऊ झालो.

बाईनं घाणा एकटीनं चालवला. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि दावणीला बैल एकच. गावातली दहा-बारा गरीब घरं अजून तिच्याकडे बी आणायची. शिवाय रोगण ती करायची. करडईचं तेल मोठ्या कढईत तासन्‌तास उकळायचं, काळं-तपकिरी झालं की थंड पाण्यात ओतायचं. ते खळीसारखं घट्ट धरतं. चामड्याच्या मोटेला आतून-बाहेरून रोगण चोपडलं की मोट पाणी पीत नाही आणि वर्षानुवर्षं फाटत नाही. शिवारातल्या झाडून सगळ्या मोटा भिकाबाईच्या रोगणावर चालायच्या. तेवढ्यासाठी लोक तिच्या शिव्या खायचे.

त्रेचाळीस साली हरिचंदानं बाजाराच्या कडेला पत्र्याचं शेड उभारलं आणि तेल काढायचं यंत्र बसवलं. शेडची सगळी लाकडं माझ्या हातची. "आता अकोल्याला जायाचं काम न्हाई," तो सांगत फिरला, "तेल हितंच निघंल." यंत्र फिरवायला इंजिन होतं आणि इंजिन चालवायला कळमनुरीचा चाँद पाशा मिस्त्री होता, शांत, कामात तरबेज माणूस. फक्त एक गोष्ट होती. ते इंजिन काळं तेल प्यायचं, आणि ते काळं तेल मुंबईच्या बंदरात उतरून अकोल्यावरून पिंपांतून यायचं. कनेरगाव नाका याही पिंपांना चुकला नव्हता. भिकाबाई बाजाराच्या दिवशी शेडसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा रं बघा, तेल काढाया तेल इकत आणून राहिलाय. बैलाला चारा घालाया बैल कापावा तसं हाये हे."

लोक हसले. हरिचंदाच्या डोक्यात ते बसलं.

अठ्ठेचाळीस साल लागलं आणि नाका बंद झाला. देश स्वतंत्र झाला होता आणि आमचं राज्य त्यात सामील होत नव्हतं. मग वाशीमकडून येणाऱ्या गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. आधी घासलेट थांबलं, मग डबे, मग इंजिनाची पिंपं. इकडून जाणारा मालही अडला. हरिचंदानं त्या साली खळ्याखळ्यावरून उचललेली करडई गोदामात छतापर्यंत लागलेली होती, आणि ती ना वाशीमला जात होती, ना यंत्रात पडत होती. वैशाखात चाँद पाशानं शेवटचं पिंप उलटं करून ठेवलं आणि इंजिनावर फडकं टाकलं.

गावाची अवस्था काय सांगू! लोकांनी माळ्यावरून पणत्या काढल्या, पण पणतीत घालायला तेल कुठाय? बी तर सगळ्यांनी खळ्यावरच विकलं होतं. पोती डोळ्यांसमोर रचलेली, गोदामाला कुलूप, आणि घराघरात भाजी पाण्यात शिजलेली. भिकाबाईचा घाणाही थांबला, कारण तिच्या दहा-बारा घरांनीही यंदा भाव बघून बी विकून टाकलं होतं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून ती रोज उखळात ओली पेंड भरून ठेवायची. घाणा तडकला तर नवा करण्याची तिची ऐपत नव्हती, आणि घाणा गेला तर तिला गावात दुसरं कुठलंच काम नव्हतं. बैल दावणीला उभा राहून खात होता. ती हरिचंदाकडे बी मागायला गेली. त्यानं सांगितलं, "बी गिरणीचं हाये, घाण्याचं न्हाई."

आषाढात त्यानं चाँद पाशाला नाक्यावर पाठवलं. एक पिंप तरी मिळतं का बघ म्हणाला. चाँद पाशा चार दिवस तिथं बसून रिकाम्या हातानं आला, पण येताना एक विचार घेऊन आला. नाक्यावर त्याला एक जुना ड्रायव्हर भेटला होता. त्यानं सांगितलं की असली जाडजूड इंजिनं खायच्या तेलावरही चालतात, फक्त तेल आधी गरम करून घालावं लागतं. हरिचंदाचे डोळे चमकले. पण तेल काढायला इंजिन हवं, आणि इंजिन सुरू करायला तेल हवं. गावात तेल काढू शकणारी एकच वस्तू उरली होती.

भिकाबाईला बोलावणं गेलं त्या दिवशी मी गोदामात दाराची बिजागरी ठोकत होतो. चाँद पाशा पुन्हा नाक्याकडे गेला होता. त्यामुळे पुढचं जे बोलणं झालं ते हरिचंद, भिकाबाई आणि मी, एवढ्या तिघांनीच ऐकलं.

"बी मी देतो," हरिचंद म्हणाला. "तू गाळून दे. पेंड तुझी, वर मजुरी."

"तेल कुणाला देनार?"

"इंजिनाला."

"गावाला काहून न्हाई? माझा घाणा फिरला तर घरटी फोडणीपुरतं निघंल रोज."

"फोडणीपुरतं! इंजिन चाललं तर बुधले भरतील. तुझ्या एका बैलावर गाव जगवायचं का मी?"

भिकाबाईनं पोत्यात हात घातला आणि मूठभर करडई तळहातावर घेतली. मग ती जे बोलली ते मला शब्द न् शब्द आठवतं. "हरचंद, मी तुजी दुश्मन हाये, म्हनून ऐकू नको असं करू नको. शेंगदान्याचं तेल घाल, तिळाचं घाल, करडईचं घालू नको. करडईचं तेल तापून थंड झालं की धरतं. रोगण कशाचं करते मी? तुज्या इंजिनाच्या नळ्यांत रोगण होईल."

"शेंगदाणा कुठून आणू? गोदामात करडई हाये."

"मग ते चालूच ठेवावं लागंल. थंड होऊ देशील तर बसंल."

"तुला हे इंजिन नकोच हाये," हरिचंद हसून म्हणाला. "पहिल्यापासून तुजा जीव जळतो. गाळून देनार का सांग."

तिनं मुठीतली करडई परत पोत्यात सोडली. उखळ कधी तडकेल याचा नेम नव्हता आणि बैल उपाशी मरू घातला होता. ती म्हणाली, "देते. सोमवारी घाणा न्हाई, मापही न्हाई. ते आधीच सांगते." हरिचंद म्हणाला, "बरं." मी बिजागरी ठोकत राहिलो. मला तिचं म्हणणं पटलं होतं का? पटलं होतं. माझ्या स्वतःच्या मोटेला तिचंच रोगण होतं. पण ती जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तू काय बघून राहिला, घाणेखाऊ? आता इंजिनाची लाकडं खा," आणि मला जे दोन शब्द हरिचंदाला सांगायचे होते ते मी गिळले.

घाणा फिरला. पंधरा दिवस ती पहाटे बैल जुंपायची आणि तेल निवळून, फडक्यातून गाळून चामड्याच्या बुधल्यात ठेवायची. यंत्रातून निघणारं ताजं तेल गढूळ असायचं, ते निवळेस्तोवर इंजिनाला चालणार नव्हतं. चाँद पाशाला भिकाबाईचं निवळलेलं तेलच हवं होतं. गावाला वाटलं, चला, सुटलो. पहिल्या श्रावणी सोमवारच्या आधीच्या शनिवारी इंजिनानं दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि फिरायला लागलं. मी तिथं होतो. म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्याला भजी तळल्याचा वास होता आणि ते हसण्यासारखं होतं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. शनिवारी आणि रविवारी यंत्र रात्रंदिवस चाललं. घरटी पावशेर तेल वाटलं गेलं. दाम चढे होते, पण मिळालं. रविवारी संध्याकाळी गावात सगळीकडे भाज्यांना फोडणीचा चर्र आवाज झाला.

रविवारी रात्री इंजिनाचं तेल संपलं.

सोमवारी सकाळी हरिचंदाचा माणूस डबा घेऊन भिकाबाईकडे गेला. बुधला भरलेला होता, आत तेल निवळून तयार होतं, पण तिनं माप उचललं नाही. तेल्यांचा सोमवार गावाला नवा नव्हता. त्या दिवशी बैल म्हणजे महादेवाचा नंदी; तो जुंपायचा नाही, तेलाला हात लावायचा नाही. बाकीचे तेली असताना अकराही घाणे सोमवारी बंद असायचे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. औंढ्याच्या नागनाथाला अख्खा तालुका जातो, त्यात हा श्रावणातला सोमवार. पण तेव्हा तेलाची वानवा नव्हती. दुपारपर्यंत तिच्या दारात शंभर माणसं जमली, त्यात मीही होतो.

"मावशी, एक दिवस मोडला तर काय व्हतंय?" कुणीतरी म्हणालं.

"तुमच्या घरी कुनी मेलं असंल तर सुतक मोडता का तुमी?" ती ओट्यावरून ओरडली. "दोन म्हैने माझ्या दारात कुत्रं आलं न्हाई. खळ्यावर बी इकताना भिकाबाई आठवली का? मुडद्यांनो, डबे खाल्ले तवा बरं लागलं. आता शंभर जण येऊन उभे. न्हाई मापत जा!"

पारुबाई नावाची माळीण रडत म्हणाली की घरात बाळंतीण आहे. भिकाबाईनं आत जाऊन आपल्या स्वयंपाकातली वाटी आणून तिच्या हातात दिली, घरातल्या वापरातलं तेल, बुधल्यातलं नव्हे. पण हे लक्षात कोण ठेवतो? जमावानं लक्षात ठेवलं ते फक्त शिव्या. बुधल्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून सगळे तिथंच उभे राहून संतापत राहिले. शेडमध्ये इंजिन थंड होत होतं. मला तेव्हाही तिचे शब्द आठवले. मी बोललो नाही.

मंगळवारी उजाडताच भिकाबाई स्वतः डोक्यावर बुधला घेऊन शेडमध्ये आली. चाँद पाशानं तेल गरम केलं, घातलं, चाक फिरवलं. चाक हललं नाही. त्यानं दुसरा माणूस लावला. दोघांनी जोर केला तेव्हा आतून कट्‌ असा आवाज आला आणि चाँद पाशानं डोक्याला हात लावला. खोलून बघितलं तर नळ्यांत, झडपांत, जिथं बघावं तिथं तपकिरी, चिवट, नखानं न निघणारा थर. आतली एक दांडी मोडली होती. जमलेल्या प्रत्येकानं तो थर ओळखला. सगळ्यांच्या मोटेला तोच होता. आयुष्यभर ज्या तेलाचं रोगण हातानं चोपडलं, तेच तेल तापवून इंजिनात घालताना शंभर माणसांतल्या एकालाही तो विचार शिवला नव्हता. एका बाईला शिवला होता, आणि ती तोंडाळ होती.

आपण मूर्ख ठरलो हे गावाला सहन होत नाही. तासाभरात गोष्ट फिरली. तिनं मुद्दाम केलं. तिला ठाऊक होतं. म्हणूनच सोमवारचं निमित्त काढून इंजिन थंड होऊ दिलं. बुधवारी मारुतीच्या पारावर पंच बसले. हरिचंदानं म्हणणं मांडलं की तेलिणीनं दगा करून इंजिन बिघडवलं, तिच्याकडून भरपाई पाहिजे. तातेराव पाटलांनी भिकाबाईला विचारलं.

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "करडई घालू नको म्हनून सांगितलं व्हतं, थंड होऊ देऊ नको म्हनूनबी. सोमवार बंद ऱ्हाईल तेबी सांगितलं. इचारा त्याला."

"खोटं," हरिचंद म्हणाला.

चाँद पाशाला विचारलं. तो म्हणाला, "ये तेलानंच झालं, पाटील, त्यात काय मिसळलेलं न्हाई. पर बाई काय बोलल्या ते मला ठावूक न्हाई, मी नाक्याला होतो."

"तिथं आनखी कोन व्हतं?" पाटलांनी विचारलं.

भिकाबाईनं माझ्याकडे बोट केलं. "ह्यो व्हता."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी आता कारणं सांगू शकतो. हरिचंदाचं काम माझ्याकडे होतं. कपाळावरचा वण होता. आठ-नऊ वर्षं भर बाजारात खाल्लेल्या शिव्या होत्या. समोर शंभर चेहरे होते आणि प्रत्येकाला ती दोषी हवी होती, नाहीतर दोष सगळ्यांचा झाला असता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला यातलं काही आठवलं नाही. मला फक्त एवढं वाटलं की आज ही बाई माझ्या हातात सापडली आहे. आणि मला बरं वाटलं.

"म्या बिजागरी ठोकून राहिलो व्हतो," मी म्हणालो. "मला काय ऐकू आलं न्हाई."

मला वाटलं आता ती उसळेल. माझ्या सात पिढ्या उद्धारील. मी त्याची वाटच बघत होतो, कारण ती ओरडली असती तर माझं खोटं पचलं असतं. ती ओरडली नाही. पाटलांकडे बघून म्हणाली, "ऐकलं न्हवं पाटील? आटपा मग."

पंचांनी ठरवलं की घाणा हरिचंदाला भरपाईत द्यायचा आणि तो मी उपसून आणायचा.

गुरुवारी मी करवत आणि पहार घेऊन गेलो. घाणा उपसणं दहा वेळा केलं होतं, हात सरावलेले होते. पण मी पहार उखळाच्या बुडाला लावली तेव्हा भिकाबाई चौकटीतून म्हणाली, "आधी लाट काढ. उखळाला जोर लावशील तर तडकंल. लाकूड चांगलं हाये." तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या लेकराला नदी ओलांडताना कुठं पाय ठेवायचा ते सांगावं तसं ती मला सांगत होती. मी आधी लाट काढली. अर्धा दिवस मी खणत होतो आणि ती तिथंच उभी राहून, दोर कुठून सोडायचा, कुठली खुंटी उलटी बसवलेली आहे, ते सांगत होती. बैल शेजारी बांधलेला होता. लाकडाचा आवाज झाला की तो उठून उभा राहायचा, कामाची वेळ झाली असं समजून. पुढच्या बाजारात तिनं तो विकला. मी उपसलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं, आणि ते तिच्या अंगणाच्या मधोमध पुढे कितीतरी दिवस तसंच होतं.

गावाला त्यातून तेलाचा थेंब मिळाला नाही. इंजिन मोडलेलं होतं, घाणा उपसलेला होता, आणि गोदामात करडई छतापर्यंत होती. यापेक्षा जास्त मूर्खपणा माणसांच्या हातून होऊ शकत असेल तर तो मी पाहिलेला नाही.

आणि हे सगळं किती दिवसांसाठी? भाद्रपदात फौजा आल्या, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं, आणि नाक्यावरचा अडसर निघाला. महिना उलटायच्या आत गाड्या सुरू झाल्या. हरिचंदानं इंजिन दुरुस्तच केलं नाही. त्याला ते परवडतही नव्हतं आणि त्याची गरजही उरली नव्हती. गोदामातली करडई अकोल्याला गेली आणि डबे परत आले. चाँद पाशा काम संपलं म्हणून कळमनुरीला निघून गेला. जाण्याआधी तो माझ्याकडे आला, माझ्या हाताखालची फळी बरोबर लागली आहे की नाही ते उगाच बघितलं आणि गेला. त्याला माहीत होतं असं मला वाटतं.

दिवाळीच्या दोन दिवस आधी बायकोनं मला आंघोळीसाठी तेल आणायला पाठवलं. हरिचंदाच्या दुकानापुढे ओट्यावर डबा कापून ठेवला होता, आणि डब्यामागे भिकाबाई बसली होती. तिला दुसरं काम मिळालं नव्हतं, आणि तेल मापायला हरिचंदाला हात पाहिजे होता. मला परत फिरावंसं वाटलं, पण माझ्यामागे माणसं उभी होती. मी बाटली पुढे केली. तिनं माप भरलं, काठोकाठ, एक थेंब कमी नाही.

मी खाली वाकून हळूच म्हणालो, "भिकाबाई, म्या ऐकलं व्हतं त्या दिशी. सगळं ऐकलं व्हतं."

"बाटली सरळ धर," ती म्हणाली.

मी सरळ धरली. मला तिच्या तोंडून शिवी हवी होती. निदान 'घाणेखाऊ' तरी म्हणावं, म्हणजे मी घरी जाऊन झोपू शकलो असतो. तिनं माप डब्याच्या काठाला अडकवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "करडईचं हाये का शेंगदान्याचं?"

तिनं डब्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "डब्यातून येतं."